संगणक प्रणालीला संस्थेत धनी हवा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवरील जाहीर निविदा वाचण्याची मला नोकरीत असल्यापासून सवय आहे आणि निवृत्तीनंतर ती सुटण्याऐवजी वाढली आहे. उन्हाळा सरत आला की सांगली, सातारा भागातील सहकारी संस्थांच्या मोठ्या चौकटी दिसू लागतात. त्यांत बगॅस हाताळणी, भंगार विक्री, बेअरिंग खरेदी, गोदामाचे पत्रे बदलणे, सुरक्षारक्षक पुरवणे अशी कामे ओळीने मांडलेली असतात आणि त्यांच्यातच कोठेतरी ‘संपूर्ण संगणक प्रणाली पुरवणे, बसवणे व चालू करून देणे’ असे एक काम असते. कोऱ्या निविदेची किंमत, अनामत रक्कम, मुदत हे सारे पत्र्यांना जसे तसेच प्रणालीला. आपल्याकडील बहुतेक संगणक प्रकल्पांच्या फसगतीचे मूळ या एका ओळीत आहे असे माझे मत असून ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी २९ वर्षे काम केले. आता दोन पतसंस्थांना आणि एका लहान नागरी बँकेला अधूनमधून सल्ला देतो व त्याचे मानधनही घेतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या म्हणण्याला स्वार्थाचा वास येतो की काय, हे वाचकांनाच ठरवता येईल.

बेअरिंग विकत घेता येते, कारण त्याचे माप ठरलेले असते. भांडारातील माणूस ते मोजून घेतो आणि चुकीचे निघाले तर त्याच टेम्पोतून परत पाठवतो. प्रणालीचे माप मात्र संस्थेच्या कामकाजात दडलेले असते आणि ते कामकाज बहुतांशी कोठेही लिहिलेले नसते; ते माणसांच्या सवयीत, जुन्या परिपत्रकांच्या मागच्या बाजूला आणि एखाद्या ज्येष्ठ लिपिकाच्या वहीत असते. ते बाहेर काढून पुरवठादारापुढे ठेवणे हे पुरवठादाराचे काम नाही, संस्थेचे आहे. निविदेत पुरवठादाराने काय द्यायचे ते दोन पाने भरून लिहिलेले असते, परंतु संस्थेतील कोणता माणूस रोज त्याच्यासमोर बसून ‘हे असे हवे, हे असे नको’ म्हणून सांगणार आहे, याविषयी एक अक्षरही नसते.

आमच्याच कारखान्यात काय झाले ते सांगतो. जुनी प्रणाली फॉक्सप्रो या माहिती साठवण्या-हाताळण्याच्या सॉफ्टवेअरवर चालत होती. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, म्हणजे नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही काढून घेतला. त्यामुळे बदल करणे भाग होते, त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. रीतसर निविदा निघाली, सर्वांत कमी दराची मंजूर झाली आणि पुरवठादाराची दोन तरुण मुले चार दिवस येऊन सर्व विभागांतील छापील नमुने गोळा करून गेली. मुले हुशार होती. त्या नमुन्यांवरून त्यांनी साठ-पासष्ट पानांचा एक मसुदा तयार केला आणि तो सर्व खातेप्रमुखांच्या सहीसाठी फिरला. कोणी वाचला नाही. मी वाचला, पण आकड्यांच्या नमुन्यांपलीकडे जाऊन वाचला नाही, आणि सही केली.

त्या मसुद्यात ‘ऊस बिलातून वसुली करणे’ असे चार शब्द होते. ज्यांचा साखर कारखान्याशी संबंध आला नाही त्यांना या चार शब्दांचे वजन कळणार नाही. सभासदाच्या बिलातून विकास सोसायटीचे पीककर्ज जायचे असते, पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी जायची असते, कारखान्याने दिलेले बेणे आणि खत यांची उचल वळती व्हायची असते, भागाच्या वाढीव रकमेचा हप्ता असतो, कधी एखाद्या बँकेचे पत्र आलेले असते, तर कधी भाऊबंदकीच्या वादात न्यायालयाची मनाई असते. बिलाची रक्कम सगळ्यांना पुरत नसेल तर कोणाचे आधी घ्यायचे, कोणाचे पुढच्या पंधरवड्यावर टाकायचे, आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसावरचे कर्ज खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) बिलातून किती कापायचे, निम्मा ऊस पत्नीच्या नावावर नोंदवला असेल तर काय करायचे, या सगळ्याला एक क्रम होता. तो क्रम ऊस बिल विभागातील एका ज्येष्ठ लिपिकाच्या डोक्यात आणि त्याच्या लाल बांधणीच्या वहीत होता. पुरवठादाराची मुले त्याला भेटलीच नाहीत, कारण त्यांना भेटवायच्या लोकांच्या यादीत फक्त खातेप्रमुख होते.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. बॉयलर अग्निप्रदीपन झाले आणि मोळीपूजनाची, म्हणजे गाळप सुरू करण्याची, तारीख ठरली, तेव्हा त्याच दिवशी पाहुण्यांच्या हस्ते नव्या प्रणालीचेही उद्घाटन करावे, असे वरिष्ठांच्या मनात आले. पुरवठादार ‘नव्वद टक्के काम झाले आहे’ असे सांगत होता. हे नव्वद टक्के मी श्रावणात ऐकले, गणपतीत ऐकले आणि दसऱ्यालाही ऐकले. सॉफ्टवेअरचे काम टक्क्यांत सांगणाऱ्याला ‘मग झालेला भाग चालवून दाखवा’ एवढे एकच वाक्य ऐकवायचे असते, पण ते ऐकवण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणाकडे आहे हे ठरलेले नव्हते. हंगाम तोंडावर आला तेव्हा व्यवस्थापनाने माणसे वाढवण्याचा आग्रह धरला आणि पुरवठादाराने पुण्याहून आणखी पाच जण पाठवले. काम आणखी मागे पडले.

ते मागे पडणारच होते. आयबीएमच्या ३६० मालिकेतील संगणकांच्या कार्यप्रणालीचे अवाढव्य काम हाताळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो. याचे कारण गूढ नाही. नव्या माणसांना काम समजावून सांगण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो आणि आपसांत बोलणाऱ्या जोड्या झपाट्याने वाढतात. पाच जणांत १० जोड्या असतात, दहा जणांत ४५ होतात. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तोडणीच्या टोळ्या वाढवल्याने तोडणी लवकर उरकेल, परंतु ऊस लवकर पक्व होणार नाही. प्रणाली तयार होणे हे पक्व होण्यासारखे काम आहे, तोडणीसारखे नाही, आणि आमच्या व्यवस्थापनाने ते तोडणीसारखे धरले होते.

मोळीपूजनाला नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि पहिल्या पंधरवड्याचे बिल निघाले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे बिल थांबवून तपासण्यास सवड नव्हती. वसुलीचा क्रम उलटासुलटा झाला तो झालाच. पण खरा भडका उडाला तो त्याहून फार किरकोळ गोष्टीने. जुनी प्रणाली पंधरवड्याचे सगळे वजन तीन दशांशांपर्यंत एकत्र करून त्याला एकदाच दराने गुणत असे. नवी प्रणाली प्रत्येक खेपेची रक्कम वेगळी काढून ती जवळच्या रुपयात बसवत असे आणि मग बेरीज करत असे. बारा खेपा घातलेल्या शेतकऱ्याच्या बिलात यामुळे जास्तीत जास्त सहा रुपयांचा फरक पडू शकतो, आणि तो त्याच्या बाजूनेही पडू शकतो. परंतु शेतकरी काट्याच्या पावत्या जपून ठेवतो, घरी मुलाकडून हिशेब करून घेतो आणि कारखान्याच्या काट्याविषयी त्याच्या मनात पिढ्यानपिढ्यांचा संशय असतो. चार दिवसांत गटागटांत बोलणे सुरू झाले की नव्या संगणकातून काटा मारतात. गट ऑफिसचे चिटबॉय, म्हणजे शेतावर जाऊन ऊसनोंदी घेणारे कर्मचारी, शिव्या खात होते आणि त्यांना स्वतःलाही फरक कशाने पडतो हे ठाऊक नव्हते. तो हंगाम संपेपर्यंत आम्ही जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रणाल्या चालवल्या, माणसे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसली, आणि वर्षअखेरीस ‘सॉफ्टवेअर निकृष्ट होते’ असा शेरा मारून प्रकरण मिटवण्यात आले. सॉफ्टवेअर निकृष्ट नव्हते. कोणत्या रकमेचे पूर्णांक कोठे करायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

नावांचा घोटाळा तर स्वतंत्र पत्राचा विषय आहे. जुनी सभासद यादी श्रीलिपी आणि जिस्टच्या काळातील फॉन्टमध्ये होती. सर्व संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या युनिकोड लिपीसंकेतात आणताना रफार पुढच्या अक्षरावर गेले, ऱ्हस्व वेलांट्या विस्थापित झाल्या, आणि ‘पाटील’ व ‘पाटिल’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी घराणी झाली. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे चार सभासद आमच्याकडे होते. त्यांना वेगळे ओळखण्याची खूण जुन्या सांकेतांकाच्या पहिल्या दोन अंकांत होती आणि नव्या प्रणालीने सर्वांना नवे सांकेतांक दिले. माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याला निविदेत ‘डेटा ट्रान्सफर’ असे दोन शब्द असतात आणि बहुधा त्याचा वेगळा दरही मागितलेला नसतो. माझ्या अनुभवात हे काम संपूर्ण प्रकल्पाच्या एक तृतीयांश तरी असते आणि ते पुरवठादाराने करायचे नसते. सभासदाला चेहऱ्याने ओळखणाऱ्या माणसाने करायचे असते.

यावर उपाय अवघड नाही आणि परदेशातून आणण्याजोगाही नाही. साखर कारखाना पंधरवड्याच्या तालावर चालतो. मग प्रणालीचे कामही पंधरवड्यानेच मोजावे: दर पंधरवड्याला एक लहान, पण खरोखर चालणारा भाग संस्थेच्या माणसाने आपल्या हाताने चालवून पाहावा आणि तेवढ्याच भागाचे पैसे द्यावेत. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत ज्याला ‘अजाइल’ म्हणतात आणि ज्याचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी लिहिला, त्यातला आपल्या उपयोगाचा गाभा एवढाच आहे. आधी सगळे लिहून घ्यायचे, मग सगळे बांधायचे आणि शेवटी एकदाच तपासायचे, या सरळसोट पद्धतीत धोका आहे असा इशारा विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्येच दिला होता. गंमत अशी की, पुढे अनेकांनी त्यांच्या त्याच लेखातील आकृतीचा आधार घेऊन ती पद्धत रूढ केली. आपल्या निविदा आजही त्याच आकृतीवर चालतात.

हंगामात नवी प्रणाली सुरू करू नये. जून ते सप्टेंबर या काळात यंत्रांचे ओव्हरहॉलिंग चालते, त्याच काळात मागील हंगामातील एक संपूर्ण पंधरवडा नव्या प्रणालीतून काढावा आणि प्रत्येक सभासदाचे बिल जुन्या बिलाशी रुपया-पैशाने जुळवावे. जेथे जुळत नाही तेथे कारण शोधावे. त्यांतील निम्म्या वेळा जुनेच चुकीचे होते असे आढळते आणि तेही कामाचे असते. नंतर एकाच गट ऑफिसवर सुरुवात करावी. पतसंस्था असेल तर एकाच शाखेत, आणि तीही मुख्य कार्यालयाच्या इमारतीतील शाखा नसावी, कारण तेथे सगळे अडले की वरच्या मजल्यावर धावता येते आणि खऱ्या अडचणी कळत नाहीत.

हे सगळे करून घ्यायला संस्थेत एक धनी लागतो. धनी म्हणजे संगणकाचा जाणकार नव्हे. आमच्याकडे तो मी नसतो, तो लाल वहीवाला लिपिक असता. प्रकल्प चालू असेपर्यंत त्याचे रोजचे अर्धे काम दुसऱ्याकडे द्यायला हवे होते, खुर्ची पुरवठादाराच्या माणसांशेजारी मांडायला हवी होती आणि तो ‘नाही’ म्हणाला तर कार्यकारी संचालकांनीही ते ‘नाही’ मानायला हवे होते. यातला शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे. प्रकल्पाचे निम्मे श्रम संचालकांच्या फर्माइशींत जातात, हे मी पाहिले आहे. एकाला आपल्या गटातील उसाचा रोजचा तक्ता मोबाइलवर हवा असतो, दुसऱ्याला तोच तक्ता जातनिहाय, म्हणजे उसाच्या जातीनिहाय हवा असतो, तिसऱ्याला छापील हवा असतो. प्रत्येक मागणी वाजवी असते. एकत्र मिळून त्या काम बुडवतात. एक साधी नोंदवही ठेवावी, तीत मागणी, मागणाऱ्याचे नाव, तिला लागणारे दिवस आणि त्यामुळे मागे पडणारे काम लिहावे आणि ती संचालक मंडळाच्या सभेत वाचावी. नाव लिहायचे आहे म्हटल्यावर मागण्या आपोआप कमी होतात, हा माझा अनुभव आहे.

विकास सोसायट्यांबाबतही हेच लागू आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजेच आपल्याकडील विकास सोसायट्यांसारख्या संस्थांच्या, संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि नाबार्डमार्फत देशभर एकच सामायिक प्रणाली आणण्याचे ठरवले. हेतू उत्तम आहे. परंतु सोसायट्यांचे दप्तर सांभाळणाऱ्या एकेका गटसचिवाकडे अनेक सोसायट्या असतात आणि जुन्या खतावण्यांतील थकबाकी नव्या प्रणालीत जुळवून आणण्याचा भार अखेर त्याच्याच माथी येतो. त्याला त्यासाठी वेळ आणि हाताखाली एक माणूस दिला जातो का, यावरच त्या योजनेचे आपल्या गावातील यश ठरणार आहे.

बँका आणि पतसंस्थांत धनी नसण्याचे परिणाम अधिक गंभीर आहेत, कारण तेथे बिल चुकण्यावर भागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी करून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये देशोदेशींच्या एटीएममधून आणि परदेशी खात्यात वळवून काढले गेले. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला तात्पुरते तोडले आणि तिच्यावर विसंबून असलेल्या देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व अन्य व्यवहार थांबले. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली असे नाही. पण अशा वेळी ग्राहकाला काय सांगायचे, कोणत्या शाखेत रोख किती ठेवायची, पुरवठादाराकडील कोणाशी बोलायचे, हे आधी ठरवलेली संस्था आणि फोन लावत बसलेली संस्था यांत फरक पडतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रसंग लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. एका संस्थेत मी सहज विचारले की हे कोण कळवणार, तर व्यवस्थापकांनी पुरवठादाराचे नाव सांगितले आणि पुरवठादाराच्या माणसाने व्यवस्थापकांकडे बोट दाखवले. दोघेही त्याच खोलीत बसले होते. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांसाठी त्यांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली आहे. ते परिपत्रक बहुतेक ठिकाणी फाइलमध्ये आहे.

राखीव प्रतीविषयी, म्हणजे बॅकअपविषयी, सांगलीकराला तरी सांगावे लागू नये, पण लागते. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोका पातळी आहे. २००५ च्या पुरात पाणी कोठवर आले होते याची खूण अनेक इमारतींच्या भिंतींवर जपलेली होती. नदीकाठच्या भागातील एका पतसंस्थेने मोठ्या दूरदृष्टीने आपला सर्व्हर त्या खुणेच्या फूटभर वर, खास लोखंडी मांडणी करून ठेवला होता आणि राखीव प्रतीची हार्डडिस्क त्याच मांडणीच्या वरच्या खणात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पूर ओसरल्यावर ती हार्डडिस्क माझ्यासमोर टेबलावर ठेवली गेली तेव्हा तिच्यातून चिखल गळत होता. संस्थेची महिन्याभरापूर्वीची एक प्रत सुदैवाने लेखापरीक्षकांच्या संगणकावर मिळाली. मधल्या महिन्याचे व्यवहार सभासदांची पासबुके आणि पिग्मीची (रोजच्या बचतीची) कार्डे गोळा करून उभे केले. लोकांनी पुरात घर सोडताना पासबुक बरोबर नेले होते, म्हणून ते जमले.

राखीव प्रत दुसऱ्या गावी, नदीपासून दूर असावी हे आता बहुतेकांना पटले आहे. पटत नाही ते एवढेच की प्रत असणे आणि तीतून प्रणाली पुन्हा उभी राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गिटलॅब ही खुद्द सॉफ्टवेअर करणाऱ्यांनाच सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने चुकून चालू माहिती पुसली, तेव्हा राखीव प्रतीचे अनेक मार्ग असूनही एकही अपेक्षेप्रमाणे चालत नसल्याचे उघड झाले आणि योगायोगाने घेतलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर निभावले. त्यांनी ते जगासमोर मोकळेपणाने मांडले, हे त्यांचे मोठेपण. आपल्याकडे ‘बॅकअप रोज होतो’ असे सांगितले जाते आणि खरोखर रोज होतही असतो; तो उघडून पाहिलेला नसतो. वर्षातून दोनदा, एखाद्या रविवारी, रिकाम्या संगणकावर त्या प्रतीतून संपूर्ण प्रणाली उभी करून शनिवारचा ताळेबंद काढून पाहावा. किती तास लागले ते घड्याळ लावून लिहावे.

आणखी एक बाब आहे, तिच्याबद्दल मला विशेष वाईट वाटते. एका पतसंस्थेत पिग्मी एजंटच्या हातातील यंत्राची रक्कम आणि शाखेच्या संगणकातील रक्कम जुळत नव्हती. दोन महिने त्या एजंटकडून फरक भरून घेतला गेला. पुढे तपासल्यावर दिसले की यंत्रातील नोंदी संगणकात उतरवताना जोडणी तुटली आणि पुन्हा जोडली गेली की काही नोंदी दोनदा चढत. संगणकातील रक्कम त्यामुळे फुगत असे आणि एजंटने तेवढे पैसे खाल्ले असे दिसत असे. पैसे त्याला परत मिळाले, पण त्याने काम सोडले. ब्रिटनमध्ये टपाल शाखा चालवणाऱ्यांवर हेच संकट फार मोठ्या प्रमाणात आले. १९९९ पासून बसवलेल्या होरायझन या प्रणालीने दाखवलेल्या तुटीवर विसंबून ९०० हून अधिक शाखाचालकांना दोषी ठरवण्यात आले आणि अखेर २०२४ मध्ये तेथील संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणकाने दाखवलेला आकडा हा पुरावा मानण्याआधी त्या प्रणालीत आजवर कोणत्या चुका सापडल्या, याची नोंद मागितली पाहिजे. आपल्या संस्थांत अशी नोंद नसते, कारण चूक सापडली की पुरवठादाराला फोन जातो, तो दुरून दुरुस्त करतो आणि विषय संपतो. काय बिघडले होते आणि काय बदलले, हे लिहून घेणारा संस्थेचा माणूस तेथे नसतो.

माझा स्वतःचा दोषही सांगितला पाहिजे. फॉक्सप्रोच्या जुन्या प्रणालीची खडान्खडा माहिती फक्त मला होती आणि खरे बोलायचे तर त्याचा मला अभिमान होता. रजेवर असताना फोन आला की बरे वाटायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्या हंगामात तेच फोन रात्री-अपरात्री येऊ लागले, तेव्हा लक्षात आले की मी संस्थेची सेवा केली तेवढीच तिला माझ्यावर अवलंबूनही ठेवले. आज ही जागा पुरवठादाराने घेतली आहे. प्रणालीचा मूळ आज्ञासंच (सोर्स कोड), मुख्य पासवर्ड, माहितीची रचना सांगणारे कागद यांतले काहीही संस्थेच्या तिजोरीत नसते. व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींचा मूळ आज्ञासंच मिळवावा लागतो किंवा तो तिसऱ्याकडे सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. लहान संस्थांना कोणी सांगण्याची वाट न पाहता करारात एवढे एक कलम घालता येईल. करार संपला तर संस्थेची सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळेल, हेही त्यातच लिहावे. वार्षिक देखभालीचा दर ठरवताना आपण घासाघीस करतो; या कलमासाठी करत नाही.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. अहवालात ‘संगणकीकरण’ या शीर्षकाखाली दोन ओळी असतात आणि त्यांवर सहसा कोणी बोलत नाही. लाभांश आणि उसाचा दर यांवर सगळा वेळ जातो, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही एखाद्या सभासदाने या वर्षी उभे राहून तीनच गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे: राखीव प्रतीतून प्रणाली उभी करून पाहिली ती शेवटची तारीख कोणती, मूळ आज्ञासंच आणि मुख्य पासवर्ड कोणाच्या ताब्यात आहेत, आणि प्रणालीविषयी अंतिम शब्द ज्याचा आहे त्या कर्मचाऱ्याचे नाव काय. पहिल्या दोन प्रश्नांना ‘माहिती घेऊन कळवतो’ हे उत्तर चालेल. तिसऱ्याचे उत्तर व्यासपीठावरून तेथल्या तेथे यायला हवे, आणि ते नाव पुरवठादाराच्या माणसाचे असेल तर इतिवृत्तात तसे नोंदवून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगणक विभागप्रमुख,
विश्रामबाग, सांगली